सी ड्राइव्हवरच्या ९८ जीबीचा हिशोब

सेलू तालुक्यात सेवा केंद्र चालवणाऱ्या एका गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. केंद्रातील संगणकाला २४० जीबीची एसएसडी, ८ जीबी रॅम आणि विंडोज १० आहे. सी ड्राइव्ह एकूण २२२ जीबीचा दिसतो आणि त्यात जेमतेम ६ जीबी शिल्लक दिसते. परंतु सी ड्राइव्ह उघडून आतले सगळे निवडले आणि प्रॉपर्टीज पाहिल्या, तर बेरीज ११८ जीबीच भरते. टेम्प फोल्डर रिकामे केले, रिसायकल बिन रिकामी केली, अँटिव्हायरस फिरवला, तरी फरक पडला नाही. पीक विम्याचे अर्ज भरण्याचे दिवस तोंडावर आले आहेत आणि ओळखीचा दुकानदार ‘फॉरमॅट मारा’ म्हणतो. शिवाय ग्राहकांच्या फोटो आणि सह्यांचे ११ जीबीचे फोल्डर एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर उतरवले, तर त्याने तिथे ३७ जीबी जागा घेतली. हे दोन्ही कसे झाले?

फॉरमॅट मारू नका, निदान इतक्यात तरी नाही. फॉरमॅट केल्याने जागा परत मिळेल हे खरे. पण ती कोणी खाल्ली हे कळणार नाही, आणि ज्याने खाल्ली तो नव्या विंडोजवरही काही महिन्यांत तेवढीच खाईल. दरम्यान प्रिंटर, स्कॅनर, बोटांच्या ठशांच्या यंत्राची आरडी सेवा (ते यंत्र आधार पडताळणीला जोडणारा प्रोग्राम) आणि डिजिटल सहीचे टोकन हे सगळे पुन्हा बसवण्यात आपले एक-दोन दिवस जातील, आणि ते नेमके गर्दीचे दिवस असतील. परभणीत गेली वीस वर्षे हेच काम करताना माझ्या पाहण्यात आले आहे की, जागा ‘हरवली’ म्हणून आलेल्या बहुतेक संगणकांत जागा हरवलेली नसते. ती मोजणाऱ्याला दिसत नसते. म्हणून आधी मोजणी दुरुस्त करायची आणि मगच काही पुसायचे, हा क्रम मी मोडत नाही.

पहिल्यांदा खोक्यावरचे २४० आणि पडद्यावरचे २२२ यांतील फरक बाजूला काढू, कारण त्यात काही गूढ नाही. डिस्क बनवणारा १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतो, तर विंडोज १,०७,३७,४१,८२४ बाइटांना १ जीबी म्हणते. त्या मापाने २४० जीबीचे २२३.५ होतात, ५०० जीबीचे ४६५.७ आणि १ टीबीचे ९३१. या मोठ्या मापाला ‘गिबीबाइट’ असे वेगळे नाव १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाने दिले. परंतु विंडोजने पाटी बदलली नाही, ती जीबीच राहिली. मॅकने मात्र २००९ पासून डिस्क बनवणाऱ्यांचे माप स्वीकारले, त्यामुळे हीच डिस्क मॅकला लावली तर ती २४० च्या आसपास दिसेल. उरलेला दीड जीबीचा फरक संगणक सुरू करणाऱ्या आणि विंडोज दुरुस्त करणाऱ्या लहान पार्टिशनांचा असतो. डिस्क मॅनेजमेंट उघडून ‘अनअलोकेटेड’ असे लिहिलेला काळा पट्टा दिसतो का, एवढे एकदा पाहून घ्या. आपले आकडे पाहता तो नसावा. पण कमी क्षमतेच्या डिस्कवरचे विंडोज मोठ्या डिस्कवर जसेच्या तसे उतरवून देणारे पुष्कळदा उरलेली जागा जोडायला विसरतात, आणि मग नव्या डिस्कची निम्मी जागा वर्षानुवर्षे बेवारस पडून राहते.

आता खरा हिशोब. २२२ मधून ६ वजा केले की २१६ जीबी वापरात आहे. त्यांपैकी ११८ आपण मोजली आणि ९८ सापडत नाही. येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, हे दोन आकडे दोन वेगवेगळ्या मुनिमांनी काढलेले आहेत. शिल्लक जागेचा आकडा फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर कोणती फाइल कुठे आहे याची नोंद ठेवणारी व्यवस्था, स्वतःच्या वहीतून सांगते आणि त्यात सहसा चूक नसते. ११८ चा आकडा मात्र एक्सप्लोरर, म्हणजे फोल्डर उघडून दाखवणारी विंडोजची खिडकी, दारोदार फिरून, प्रत्येक फोल्डरमध्ये डोकावून गोळा करतो, आणि ज्या खोलीत त्याला प्रवेश नाही ती खोली तो गुपचूप वगळतो. मोंढ्यातल्या गोदामात हमालाने पुढच्या खणातले कट्टे मोजावेत आणि मागच्या कुलूपबंद खणांबद्दल काहीच बोलू नये, तसा हा प्रकार आहे.

वगळलेल्या खोल्या दोन प्रकारच्या असतात. सी ड्राइव्ह उघडून सगळे निवडताना जे डोळ्यांना दिसते तेवढेच निवडले जाते. त्यामुळे लपवलेले प्रोग्रामडेटा फोल्डर, रिसायकल बिनचे मूळ फोल्डर, सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन, तसेच पेजफाइल (रॅम अपुरी पडली की वापरायची) आणि हायबरफिल (हायबरनेशनमध्ये, म्हणजे उघडे काम डिस्कवर जतन करून संगणक बंद करताना, वापरायची) या दोन मोठ्या फाइली बेरजेत येतच नाहीत. दुसऱ्या प्रकारात दिसणाऱ्या फोल्डरांच्या पोटातली, परंतु आपल्या खात्याला परवानगी नसलेली फोल्डरे मोडतात. दुसऱ्या वापरकर्त्याचे खाते, विंडोजचे स्वतःचे टेम्प आणि प्रिंटरची रांग ठेवणारे फोल्डर ही त्यांची उदाहरणे आहेत.

यात गंमत अशी की, एक्सप्लोरर काही ठिकाणी उलटी चूकही करतो आणि एकच वस्तू दोनदा मोजतो. विंडोजच्या आत विनएसएक्सएस नावाचे फोल्डर असते. त्यातील अनेक फाइली डिस्कवर एकदाच लिहिलेल्या असतात. त्यांना फक्त नावे दोन असतात, एक तिथले आणि एक विंडोजच्याच सिस्टिम ३२ या फोल्डरातले. दोन भावांच्या सामाईक सातबाऱ्यावरचे क्षेत्र प्रत्येकाच्या नावे पूर्ण धरून बेरीज केली, तर रान दुप्पट होते; एक्सप्लोररचे तसेच होते. त्यामुळे आपल्या ११८ मधली काही जीबी खोटी आहेत आणि हरवलेली जागा ९८ पेक्षा थोडी जास्तच असण्याची शक्यता आहे. हे फोल्डर मोठे दिसते म्हणून त्यातले काही हाताने पुसायला जाऊ नका. त्यात हात घातलेले संगणक पुढच्या अपडेटला आडवे पडलेले मी पाहिले आहेत. विंडोजच्या आतले इन्स्टॉलर नावाचे लपलेले फोल्डरही असेच आहे. त्यातल्या फाइली जुन्या वाटतात. परंतु बसवलेला प्रोग्राम काढताना किंवा अद्ययावत करताना त्याच लागतात.

मोजणी दुरुस्त करण्यासाठी मी आधी चेकडिस्क हे विंडोजमधलेच डिस्क तपासणारे साधन वापरतो, तेही काही दुरुस्त न करता. स्टार्टमध्ये सीएमडी शोधून त्यावर उजवी कळ दाबा आणि ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ निवडा. मग सीएचकेडीएसके ही अक्षरे, एक जागा, सी आणि कोलन एवढेच लिहून एंटर दाबा. पुढे तिरकी रेघ किंवा एफ लिहू नका. त्यामुळे तो फक्त वाचेल, काही बदलणार नाही. चालू ड्राइव्ह वाचताना तो कधी कधी किरकोळ चुका असल्याचे सांगतो. त्याने घाबरू नका, कारण वाचन सुरू असतानाच फाइली बदलत असतात. आपल्याला शेवटचे पाच-सहा आकडे हवे आहेत: एकूण जागा, फाइलींनी घेतलेली जागा, इंडेक्सची (फोल्डरांच्या सूचींची) जागा, खराब सेक्टरांची (डिस्कच्या निकामी तुकड्यांची) जागा, सिस्टिमने वापरलेली जागा आणि शिल्लक. हे आकडे केबीमध्ये असतात; त्यांना १०,४८,५७६ ने भागले की जीबी मिळतात. आपली एकूण जागा साधारण २३ कोटी २८ लाख केबी दिसेल.

हा फाइल सिस्टिमचा स्वतःचा ताळेबंद आहे आणि त्याला कोणत्याही खोलीचे कुलूप आडवे येत नाही. ‘फाइलींनी घेतलेली जागा’ २१० जीबीच्या आसपास आली, तर हरवलेली जागा खरोखरच्या फाइलींमध्ये आहे आणि त्या शोधून काढता येतील, हे निश्चित झाले. तसे न होता खराब सेक्टरांच्या ओळीत शून्याऐवजी मोठा आकडा आला, तर हा प्रश्न जागेचा राहिला नाही. डिस्क शेवटच्या घटका मोजत आहे असे समजून आधी महत्त्वाचा डेटा बाहेर काढा. वारंवार वीज जाणाऱ्या गावांत तिसरी एक शक्यता राहते. लिहिणे चालू असताना संगणक बंद पडला की काही फाइलींचे तुकडे अनाथ होतात, आणि चेकडिस्क दुरुस्ती करताना ते ‘फाउंड’ आणि पुढे तीन शून्ये अशा नावाच्या लपलेल्या फोल्डरात गोळा करून ठेवते. त्या तुकड्यांचा उपयोग क्वचितच होतो. महत्त्वाची कोणतीही फाइल गहाळ नाही याची खात्री झाल्यावर ते फोल्डर पुसता येते.

त्यानंतर खोल्या प्रत्यक्ष उघडून दाखवणारे साधन घ्यावे. विझट्री हे मला सर्वांत सोयीचे वाटते, कारण ते फोल्डरांतून फिरत बसत नाही. एनटीएफएस (विंडोजची नेहमीची फाइल सिस्टिम) असलेल्या ड्राइव्हवर प्रत्येक फाइलची नोंद असलेला एक मुख्य तक्ता असतो आणि विझट्री थेट तोच वाचते, त्यामुळे लाखो फाइलींची यादी काही सेकंदांत मोठ्या आकारापासून लहानाकडे लावलेली मिळते. ते अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवणे आवश्यक आहे, नाहीतर तेही एक्सप्लोररसारखेच आंधळे राहते. विनडिरस्टॅटही चांगले आणि मोफत आहे, फक्त त्याच्या जुन्या आवृत्त्या हळू चालतात. एक सूचना मात्र आवर्जून पाळा. एक्सप्लोररमधून बंद फोल्डर उघडताना ‘कंटिन्यू’ दाबायला सांगणारी चौकट येते. ती दाबल्यावर विंडोज त्या फोल्डरच्या परवानग्या कायमच्या बदलते. नुसते पाहण्यासाठी कुलूप बदलून बसण्याचे कारण नाही.

आपल्या संगणकावर मी कोणत्या क्रमाने पाहीन ते सांगतो. पेजफाइल आणि हायबरफिल यांवर फार वेळ घालवू नका. विंडोज १० मध्ये हायबरफिलचा आकार सहसा रॅमच्या ४० टक्के असतो, म्हणजे आपल्याकडे ३.२ जीबी. पेजफाइल गरजेप्रमाणे काही जीबी वाढते. ८ जीबी रॅमवर ब्राउझरच्या वीस खिडक्या उघड्या ठेवणाऱ्याने ती बंद करू नये. हायबरनेशन बंद करण्याची आज्ञा आहे पॉवरसीएफजी, जागा, तिरकी रेघ आणि एच, जागा, ऑफ. परंतु तिच्याबरोबर संगणक लवकर सुरू होण्याची सोयही जाते, आणि युपीएस यूएसबीने जोडलेला असेल तर वीज गेल्यावर उघडे काम जतन करून बंद होण्याची सोयही जाते. ३ जीबीसाठी हा सौदा मला पटत नाही. विंडोजने अपडेटसाठी राखून ठेवलेली सुमारे ७ जीबी जागाही तशीच राहू द्यावी. ही राखीव जागा १९०३ आवृत्तीपासून, नव्याने विंडोज बसवलेल्या संगणकांवर दिसते.

सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन हे खरे संशयास्पद ठिकाण आहे. पूर्वस्थितीत नेणारे रिस्टोअर पॉइंट त्यात साठतात, आणि कोणीतरी कधीतरी त्यांची मर्यादा सैल सोडलेली असली तर ते २०-२५ जीबी सहज खातात. सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये सिस्टिम प्रोटेक्शनवर जाऊन ‘कॉन्फिगर’ दाबा. सध्याचा वापर आणि कमाल मर्यादा तिथे दिसतात. पट्टी ३ ते ५ टक्क्यांवर आणली की जुने पॉइंट आपोआप गळतात. ते सगळेच पुसून टाकण्यापेक्षा हे बरे.

परंतु सेवा केंद्राचा संगणक म्हटल्यावर माझे बोट आधी प्रिंटरच्या रांगेकडे जाते. काही काळापूर्वी हिंगोली जिल्ह्यातल्या एका केंद्रातून जवळजवळ अशीच तक्रार आली होती. तिथेही फॉरमॅट एकदा करून झाले होते आणि वर्षभरात डिस्क पुन्हा भरली होती. विझट्री चालवल्यावर विंडोज, सिस्टिम ३२, स्पूल आणि त्यातले प्रिंटर्स या फोल्डरात ४१ जीबी निघाली. प्रत्येक छपाईसाठी विंडोज तिथे दोन फाइली तयार करते. एकीत छापायचा मजकूर असतो, दुसरीत त्या कामाचा तपशील, आणि कागद बाहेर पडला की दोन्ही पुसल्या जायच्या असतात. त्या संगणकावर प्रिंटरच्या अॅडव्हान्स्ड पानावर ‘कीप प्रिंटेड डॉक्युमेंट्स’ या खुणेवर टिक होती. कागद अडकला की पुन्हा छापता यावा म्हणून कोणीतरी ती लावली असणार आणि नंतर विसरून गेला असणार. स्कॅन केलेल्या चार पानी अर्जाचीही फाइल प्रिंटरच्या भाषेत जाताना मोठी फुगते. दिवसाला दीडशे-दोनशे छपाया धरल्या तर वर्षाचा हिशोब आपणच करा. या फोल्डरला सामान्य खात्याची परवानगी नसते, म्हणून एक्सप्लोररच्या बेरजेत ते शून्य धरले जाते आणि टेम्प साफ करणारी साधनेही तिकडे सहसा फिरकत नाहीत.

हे आपल्याकडे निघाले, तर सर्व्हिसेसच्या यादीतून प्रिंट स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारी सेवा) थांबवा, त्या फोल्डरातल्या फाइली पुसा (फोल्डर नको), स्पूलर पुन्हा सुरू करा, आणि मग ती टिक काढा. एकापेक्षा जास्त प्रिंटर असतील, किंवा एकाच प्रिंटरच्या ‘कॉपी १’, ‘कॉपी २’ अशा नोंदी झाल्या असतील, तर प्रत्येकावर वेगळी तपासा. आणि जागेपेक्षा मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की, त्या ४१ जीबीमध्ये वर्षभरात आलेल्या लोकांची आधार कार्डे, बँकेची पासबुके आणि उत्पन्नाचे दाखले होते. संगणक विकला किंवा दुरुस्तीला दिला असता तर ते सगळे सोबत गेले असते. आपल्याकडे ही टिक नसली तरी ते फोल्डर एकदा बघाच.

दुसरे ठिकाण म्हणजे केंद्रावर पूर्वी काम करणाऱ्या मुलाचे खाते. मुलगा काम सोडून पुण्याला जातो आणि खाते तसेच राहते. त्यात त्याची डाउनलोड्स, ब्राउझरचा साठा, व्हॉट्सअॅपचे व्हिडिओ असतात. त्याची रिसायकल बिनही वेगळी असते. आपण आपली बिन रिकामी केल्याने त्याची रिकामी होत नाही. सिस्टिम प्रॉपर्टीजमधील अॅडव्हान्स्ड पानावर ‘यूझर प्रोफाइल्स’ची सेटिंग्ज उघडली की प्रत्येक खात्याचा आकार समोर येतो. खाते काढण्यापूर्वी त्यातले डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वेगळे काढून ठेवा, कारण केंद्राच्या कामाच्या फाइली नेमक्या तिथेच सापडतात, असा माझा अनुभव आहे. यूझर्स फोल्डरात जाऊन ते फोल्डर नुसते पुसू नका. खाते याच खिडकीतून काढले म्हणजे त्याची रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीतली) नोंदही जाते.

प्रोग्रामडेटामध्ये शोध-सूचीची एक मोठी फाइल कधी कधी सापडते. मायक्रोसॉफ्टच्या सर्च फोल्डरात विंडोज डॉट ईडीबी या नावाने ती असते आणि लाखो लहान फाइली असलेल्या संगणकांवर ती अवाढव्य होते. ती हाताने न पुसता कंट्रोल पॅनेलमधील इंडेक्सिंग ऑप्शन्समधून ‘रिबिल्ड’ करा, आणि फोटो-सह्यांचे फोल्डर सूचीतून वगळा. जुनी विंडोज ठेवणारे विंडोज डॉट ओल्ड दिसत असेल तर ते डिस्क क्लीनअपमधील ‘सिस्टिम फाइल्स’मधून काढावे.

सापडलेला प्रत्येक आकडा एका कागदावर लिहीत जा आणि ९८ मधून वजा करत जा. चार-पाच जीबीचा फरक उरला तर थांबा. तेवढी जागा एनटीएफएसच्या त्या मुख्य तक्त्यात, बदलांच्या नोंदवहीत आणि दुहेरी मोजणीत जाते. व्हायरसची शंका मी मुद्दामच शेवटी ठेवली, कारण जागा भरून ठेवणारा व्हायरस मला क्वचितच भेटला आहे. साफसफाईनंतर एसएसडीवर निदान २५-३० जीबी मोकळी ठेवा. काठोकाठ भरलेल्या एसएसडीचे लिहिणे मंदावते.

आता एक्स्टर्नल डिस्क. तिथे काहीही बिघडलेले नाही. अर्ज भरण्याच्या संकेतस्थळांवर फोटो आणि सही ५० केबीच्या आत मागतात, त्यामुळे आपल्या फोल्डरात सरासरी ४० केबीच्या सुमारे ३ लाख फाइली असाव्यात. त्यांची बेरीज ११ जीबीच्या थोडी वर येते आणि ती आपल्या आकड्याशी जुळते. डिस्क जागा देताना ठरावीक मापाचे कप्पे देते, आणि एका कप्प्यात एकापेक्षा जास्त फाइली बसत नाहीत. सी ड्राइव्हच्या एनटीएफएसवर हा कप्पा सहसा ४ केबीचा असतो, म्हणून ४० केबीच्या फाइलीला ४० केबीच लागतात. मोठ्या एक्स्टर्नल डिस्कवर एक्सफॅट ही दुसरी फाइल सिस्टिम असेल तर विंडोजने धरलेला कप्पा १२८ केबीचा असतो, आणि तुमच्या लहानशा सहीलाही पूर्ण १२८ केबी मोजावे लागतात. ३ लाख गुणिले १२८ केबी म्हणजे ३६.६ जीबी, आपले ३७ तेच आहेत. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘साइझ’ आणि ‘साइझ ऑन डिस्क’ या दोन ओळी शेजारी पाहिल्या की हा फरक लगेच दिसतो.

यावर दोन उपाय आहेत. डिस्क फक्त विंडोजच्या संगणकांनाच लावायची असेल, तर तिच्यावरचा सगळा डेटा दुसरीकडे उतरवून ती एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा; दुकानदाराचा सल्ला पाळण्याची जागा ही आहे. टीव्हीला किंवा मॅकला लावायची म्हणून एक्सफॅटच ठेवायचे असेल, तर दर महिन्याचे फोल्डर एका झिपमध्ये बांधून तिकडे पाठवा. जेपीजी फोटो झिप केल्याने दबत नाहीत. पण हजारो फाइलींची एक फाइल होते, त्यामुळे वाया जाणारा कप्पा फार तर एक उरतो, आणि उतरवण्याला तासाऐवजी काही मिनिटे लागतात.